चोपन्न वर्षांची फाटलेली पाने

अध्यक्ष महोदया आणि वाचकमित्रहो,

कर्तृत्ववान स्त्रियांवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचण्यात कोणता आनंद असतो आणि त्यांतली चांगली कादंबरी कशी ओळखावी, असा आजचा विषय आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी एक जुनी हकिकत सांगणे मला भाग आहे, कारण या वाचनाची ओढ मला तिथूनच लागली.

शाळेत असताना महाराणी ताराबाईंवरची एक कादंबरी माझ्या हाती आली. ग्रंथालयातली ती प्रत पार खिळखिळी झालेली होती आणि तिची शेवटची पाने कुणीतरी फाडून नेली होती. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज निवर्तले, तेव्हा ताराबाई अवघ्या पंचविशीच्या होत्या. लहानग्या मुलाला गादीवर बसवून त्यांनी औरंगजेबाविरुद्धचे युद्ध सात वर्षे चालवले, ही कथा मी श्वास रोखून वाचत गेले. बादशहाच्या मृत्यूची बातमी घेऊन जासूद दौडत येतो, गडाचा दरवाजा उघडतो आणि माझ्या प्रतीतले पान तिथेच संपते.

बातमी कोणती, हे मला इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातून ठाऊक होते. तरीही कित्येक महिने माझ्या मनाला चैन पडले नाही. ती ऐकून ताराबाई काय म्हणाल्या असतील? ज्या शत्रूशी झुंजण्यात तारुण्य खर्ची पडले, तो एका सकाळी नाहीसा झाला की माणसाला हायसे वाटते, की एकदम रिते रिते वाटू लागते? ऐतिहासिक कादंबरीचा शेवट वाचकाला आधीच माहीत असतो, म्हणून तिच्यात उत्कंठा नसते, असे म्हणणाऱ्यांना मला नेहमी ही फाटलेली प्रत दाखवावीशी वाटते. काय घडले ते ठाऊक असूनही ज्याच्यावर घडले त्याने ते कसे सोसले, याची उत्सुकता काही केल्या शमत नाही, आणि या वाचनाचा पहिला आनंद माझ्या मते हाच आहे.

पुष्कळ वर्षांनी त्या कादंबरीची धड प्रत मला मिळाली. उरलेली पाने मोजून सात होती. त्यांत नगारे होते, तोफांची सरबत्ती होती, जयजयकार होता आणि राणीचे एक लांबलचक भाषण होते. तिथेच कादंबरी संपत होती.

माझी तक्रार आहे ती इथे, आणि ती मी थोडी सविस्तर मांडणार आहे. १७०७ मध्ये ताराबाई बत्तीस वर्षांच्या होत्या आणि त्यांचा मृत्यू झाला तो डिसेंबर १७६१ मध्ये. मधली चोपन्न वर्षे कुठे गेली? त्या वर्षांत शाहू महाराजांशी गादीचा कलह आहे. १७१४ मध्ये सवत राजसबाई यांच्या पक्षाने पन्हाळ्यावर सत्ता उलथवून ताराबाईंना त्यांच्याच मुलासह कैदेत टाकले, ती कैद आहे. शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर ज्या रामराजाला आपला नातू म्हणून त्यांनी पुढे आणले, त्यालाच १७५० मध्ये साताऱ्याच्या किल्ल्यात अटकेत ठेवून तो आपला खरा नातू नव्हेच, असे त्यांनी जाहीर केले. पानिपतचा संहार झाला, तेव्हाही त्या हयात होत्या. एवढे मोठे, हट्टी, जखमी आणि काही वेळा चुकलेले आयुष्य समोर असताना ते विजयाच्या तोफांपाशी थांबवणे हा त्या स्त्रीवर अन्याय आहे, असे मी मनापासून मानते. मूर्ती घडवायची असेल तर बत्तिशीपाशी थांबणे सोयीचे असते, परंतु कादंबरीचे खरे काम तिथून पुढे सुरू होते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी माझ्यापुढे आली आहे, तेव्हा चांगली कादंबरी कशी ओळखावी, हे आता थोडक्यात सांगते.

नायिकेचे रोजचे काम कादंबरीत दिसते का, हे मी आधी पाहते. १७६५ च्या एका पत्रात मल्हारराव होळकर आपल्या विधवा सुनेला, म्हणजे अहिल्याबाईंना, तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याच्या आणि दारूगोळ्याची तजवीज करण्याच्या सूचना देतात. सासऱ्याने सुनेला लिहिलेले असे पत्र समोर असताना ज्या लेखकाला केवळ पांढरे वस्त्र आणि हातातले शिवलिंग दिसते, त्याच्या पुस्तकात माझे मन रमत नाही. गोळे किती आहेत, बैल किती लागतील, पैसा कुठून येणार, याचा हिशोब करणारी बाई मला दिसायला हवी.

तिचा एखादा निर्णय चुकू देण्याचे धैर्य लेखकात आहे का, हेही पाहावे. त्याबद्दल वर बोललेच आहे. शिवाय तिच्याभोवती सवत, सासू, दासी, मुलगी अशा इतर स्त्रिया जिवंत आहेत, की तिला मोठे करण्यासाठी त्यांना खुजे केले आहे, हे तपासावे.

कागदपत्रे जिथे गप्प आहेत, तिथे लेखक कसा वागतो, हे मात्र सर्वांत महत्त्वाचे. इजिप्तवर राज्य करणाऱ्या हत्शेप्सुतचे नाव आणि तिच्या प्रतिमा तिच्या मृत्यूनंतर अनेक ठिकाणी छिन्नीने खरवडून काढल्या गेल्या. सगळ्याच स्त्रियांच्या वाट्याला इतकी उघड छिन्नी येत नाही. अनेकींचे बोलणे कुणी लिहूनच ठेवलेले नसते. ती मोकळी जागा भाषणांनी न भरता अदमासाने आणि संयमाने भरणारा लेखक मला मोठा वाटतो.

१६८९ मध्ये रायगड पडल्यावर येसूबाई कैद झाल्या, त्या १७१९ मध्ये परतल्या. शाहूंची सुटका १७०७ मध्येच झाली होती, म्हणजे मायलेकांची भेट बारा वर्षांनी झाली. त्या भेटीत पहिले वाक्य कोण बोलले असेल आणि ते कोणते असेल, हे माझ्या मनाचे समाधान होईल असे मला अजून कोणत्याही कादंबरीत वाचायला मिळालेले नाही. आपल्यापैकी कुणाला ते सापडले असेल, तर निघण्यापूर्वी मला त्या पुस्तकाचे नाव जरूर सांगावे.