चार पेन्सवाला सायमन आणि त्याचे वंशज

मित्रहो, इंग्लंडमधल्या एखाद्या साध्या शेतकरी घराण्याची वंशावळ कशी उलगडत नेतात, यावर बोला असं मंडळानं सांगितलं. मी न्यूटन घराणं निवडलं आहे. हो, तेच न्यूटन. पण सफरचंदाबद्दल आज एक शब्दही नाही. आज विषय मेंढ्यांचा, मृत्युपत्रांचा आणि शेतसाऱ्यासारख्या करांचा आहे. ज्या माणसानं गुरुत्वाकर्षणाचं गणित मांडलं, त्याच्या वडिलांना स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती. त्यांच्यामागे पाच पिढ्या लिंकनशर परगण्यातले शेतकरी होते. मुलगा जगप्रसिद्ध झाला म्हणून या शेतकऱ्यांचे कागद लोकांनी कसोशीनं शोधले, आणि त्यामुळे एरवी कुणाला दिसली नसती अशी एक अगदी सर्वसाधारण गोष्ट आपल्याला दिसते.

आपल्याकडे पणजोबांच्या वडिलांचं नाव अडलं की माणूस त्र्यंबकेश्वर गाठतो. तिथले उपाध्याय आडनाव विचारतात, गाव विचारतात, बाड काढतात, आणि तुमच्या घरातलं कोण कधी कुणाचं कार्य करायला आलं होतं ते वाचून दाखवतात. इंग्रज शेतकऱ्यासाठी असं बाड कुणी लिहिलं नाही. सरदार-उमरावांसाठी राजदरबारचे वंशावळकार होते. नांगर धरणाऱ्याकडे कोण बघतो? मग तो सापडतो कुठे? माझं उत्तर असं की जिथे जिथे तो कुणाचं तरी देणं लागत होता, तिथे तिथे. कर भरला, मेला, जमीन घेतली, दंड झाला. त्याच्याकडून कुणाला तरी काहीतरी हवं होतं म्हणून त्याचं नाव लिहिलं गेलं. ही गोष्ट डोक्यात ठेवलीत तर पुढचे सगळे कागद नीट वाचता येतील.

नेहमीची वाट थोडक्यात सांगतो, कारण ती कुठेही वाचायला मिळते. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. देशभरातली माणसं नावानिशी सापडतात ती १८४१ च्या खानेसुमारीपासून, आणि १८५१ पासून जन्मगावही मिळतं. १८५१ ला आणखी एक चांगली गोष्ट झाली: शेतकऱ्यानं किती एकर जमीन कसतो आणि किती मजूर ठेवतो तेही सांगायचं होतं. १९३१ ची खानेसुमारी मात्र विसरा. ती १९४२ मध्ये आगीत जळाली.

१८३७ च्या मागे गेलात की चर्चच्या दारात उभं राहावं लागतं. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल, त्यानं सप्टेंबर १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावानं, बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत लिहावीत. लोकांना काय वाटलं असेल? आता बारशावरही कर बसणार! तशा अफवा खरोखरच उठल्या होत्या. लोकांची भीती या बाबतीत खोटी ठरली, पण त्यांचा अनुभव खोटा नव्हता. सरकार नाव लिहून घेतं तेव्हा मागून काहीतरी मागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता या वह्यांमधला एक सापळा सांगतो, त्यात भलेभले अडकतात. कोल्स्टरवर्थ हे न्यूटनचं पॅरिश. आयझॅक न्यूटन जन्मला २५ डिसेंबर १६४२ ला, आणि त्याचा बाप्तिस्मा झाला १ जानेवारीला. कुठल्या सालच्या? तुम्ही म्हणाल १६४३. पण त्या काळी इंग्लंडचं कायदेशीर वर्ष सुरू व्हायचं २५ मार्चला. म्हणजे डिसेंबर १६४२ नंतर जो जानेवारी आला तोही १६४२ चाच. शोधणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याच्या वंशावळीत मूल जन्माच्या जवळजवळ वर्षभर आधी बाप्तिस्मा घेतं! न्यूटनच्या मरणाचंही तेच. तो गेला २० मार्चला, नव्या वर्षाला पाच दिवस उरले असताना. म्हणून वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या त्याच्या स्मारकावर १७२६ कोरलेलं आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकात १७२७ असतं. दोन्ही बरोबर. भरीला युरोपचं कॅलेंडर दहा-अकरा दिवस पुढे होतं, ते वेगळंच. हा घोळ इंग्लंडनं १७५२ मध्ये मिटवला.

चर्चच्या वहीतून नाव आणि तारीख मिळते, माणूस फारसा मिळत नाही. माणूस मिळतो मृत्युपत्रात, आणि त्याहून जास्त त्याच्या पुढच्या कागदात. इंग्लंडमध्ये कुणी मालमत्ता ठेवून मेलं की शेजारचे दोन-चार जाणते लोक घरात यायचे आणि खोलीखोलीतून फिरून प्रत्येक वस्तूची किंमत लावायचे: दिवाणखान्यातलं टेबल, वरच्या खोलीतला बिछाना, पितळेची भांडी, कोठारातलं धान्य, गोठ्यातली जनावरं, शेतात उभं असलेलं पीक. जमीन त्यात धरत नसत. मला विचाराल तर इंग्लंडच्या सगळ्या दप्तरांत हा कागद सगळ्यात जिवंत. किंमत लावणारे स्वतः शेतकरीच. गाय किती दूध देते आणि कशाला किती मिळेल हे त्यांना नेमकं कळायचं.

न्यूटनचे वडील, त्यांचंही नाव आयझॅक, ऑक्टोबर १६४२ मध्ये वारले. लग्नाला सहा महिने झाले होते आणि बायको पोटुशी होती. देशात राजा आणि पार्लमेंट यांचं यादवी युद्ध नुकतंच पेटलं होतं. त्या धामधुमीत कितीतरी गावांच्या वह्या कोऱ्या राहिल्या. पण या घरातली यादी झाली, आणि ती टिकली. एकूण चीजवस्तू ४५९ पौंड १२ शिलिंग ४ पेन्स (तेव्हा बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड). मेंढ्या २३४. गाईबैल ४६. त्या भागातल्या सर्वसाधारण शेतकऱ्याकडे तेव्हा पस्तीसेक मेंढ्या असत. म्हणजे सही न येणारा हा माणूस गावातला चांगला बडा असामी होता. अक्षरओळख आणि श्रीमंती यांचा मेळ तेव्हा आपण समजतो तसा नव्हता. २३४ मेंढ्या मोजायला लिहिता यावं लागत नाही.

ही श्रीमंती आली कुठून? आता मागे जाऊ, आणि थेट तळाशी जाऊ.

साल १५२४. हेन्रीला फ्रान्सशी लढायला पैसा हवा होता, म्हणून कर बसला, आणि गावोगावच्या करदात्यांच्या याद्या झाल्या. न्यूटनचं घर होतं त्या वूल्सथॉर्प गावापासून जवळच वेस्टबी नावाचं खेडं आहे. तिथल्या यादीत एक सायमन न्यूटन दिसतो. त्यानं भरले चार पेन्स. चार पेन्स हा सगळ्यात खालचा आकडा. वर्षाला एक पौंड मजुरी मिळवणाराही तेवढेच भरायचा. यादीतल्या बहुतेकांनी तेवढेच भरले. वरच्या मोजक्या लोकांनी एक शिलिंगापासून साडेनऊ शिलिंगांपर्यंत दिले, आणि गावातल्या एकट्या धनाढ्यानं सोळा पौंडांहून जास्त. एका यादीत, एका खेड्यात, चार पेन्स आणि सोळा पौंड! गावगाडा म्हणजे सगळे सारखे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही यादी एकदा डोळ्यांखालून घालावी.

वीस वर्षांनी, १५४४ मध्ये, पुन्हा कर. या वेळी वेस्टबीत कर भरण्याजोगे उरले फक्त चार जण, आणि त्या चारांत दोन न्यूटन. सायमन नाही, दोन जॉन आहेत, बहुधा त्याचा मुलगा आणि नातू. हे ‘बहुधा’ महत्त्वाचं आहे, कारण नातं कागदावर लिहिलेलं नसतं. गाव तेच, आडनाव तेच, पिढीचा हिशेब बसतो, म्हणून संशोधक एवढंच म्हणतो. न्यूटन आडनावाची माणसं इंग्लंडमध्ये ढिगानं आहेत, कारण त्या नावाची गावंच ढिगानं आहेत. नुसत्या आडनावावर नातं जोडणारा माणूस शेवटी कुठल्या तरी सरदाराच्या घरात पोचतोच.

नातवाचं, म्हणजे धाकट्या जॉनचं, १५६२ चं मृत्युपत्र आहे. त्यात तो स्वतःला हजबंडमन म्हणवतो, म्हणजे साधा कसणारा शेतकरी. एकवीस वर्षांनी त्याचा मुलगा, तिसरा जॉन, मेला तो योमन म्हणून, स्वतःच्या जमिनीचा खातेदार शेतकरी. एका पिढीत पायरी चढली. धाकट्या जॉनचा दुसरा मुलगा रिचर्ड, त्याच्यासाठी बापानं वूल्सथॉर्पला शंभर एकरांहून मोठं शेत घेतलं होतं, त्यातली साठ एकर नांगराखालची. हा रिचर्ड आपल्या न्यूटनचा पणजोबा. तो १५८८ मध्ये वारला तेव्हा जमीन सोडून चीजवस्तू निघाली १०४ पौंडांची. त्याचा मुलगा रॉबर्ट, यानं १६२३ मध्ये वूल्सथॉर्पचा मॅनर विकत घेतला. मॅनर म्हणजे जमीन आणि तिच्याबरोबर येणारे थोडेफार मालकी हक्क, जवळजवळ छोटं वतनच. ते वतन काही फार भरभराटीत नव्हतं, पण मान आला. शंभर वर्षांत चार पेन्सवाल्या सायमनचे वंशज मॅनरचे मालक झाले.

यात घराण्याची हुशारी किती आणि काळाची कृपा किती? माझं मत काळाच्या बाजूनं झुकतं. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये लोकसंख्या वाढत होती, धान्य आणि लोकर महागत होती, मजुरी मात्र मागे पडत होती. ज्याच्याकडे विकायला गहू आणि लोकर होती तो वर गेला, ज्याच्याकडे विकायला फक्त हात होते तो खाली गेला. सायमनबरोबर चार पेन्स भरणारे बाकीचे कुठे गेले, ते कुणी शोधलं नाही. त्यांच्या घरात न्यूटन जन्मला नाही ना!

आता घराणं स्वतःबद्दल काय सांगायचं, ते ऐका. १७०५ मध्ये ॲन राणीनं न्यूटनला ‘सर’ हा किताब दिला. मग ‘सर’ला शोभेलशी वंशावळ हवी. न्यूटननं ती बसून तयार केली, राजदरबारच्या वंशावळकारांकडे शपथेवर दाखल केली, आणि तीत आपलं नातं त्याच परगण्यातल्या एका श्रीमंत न्यूटन घराण्याशी जोडलं. ढालीवर आडवी-तिडवी दोन हाडं असलेलं कुलचिन्ह मिळालं. इथवर ठीक. पण आणखी एक ऐकीव हकिगत आहे. थॉमस रीड या तत्त्वज्ञानं ती पुढे नोंदवून ठेवली. तीत न्यूटन एका स्कॉटिश मित्राला म्हणतो की माझे आजोबा स्कॉटलंडचे, ईस्ट लोथियनचे सद्गृहस्थ होते, राजा जेम्सबरोबर लंडनला आले होते! कागद म्हणतात, आजोबा रॉबर्ट वूल्सथॉर्पला मेंढ्या राखत होते. खुद्द न्यूटनच्या तोंडी घातलेली गोष्ट असली तरी मी कर वसूल करणाऱ्या कारकुनावर जास्त विश्वास ठेवीन. त्याला सायमनचं खानदान वाढवून सांगण्यात काही रस नव्हता. पुढे विसाव्या शतकात लिंकनशरच्याच चार्ल्स विल्मर फॉस्टर या धर्मगुरूनं मृत्युपत्रं, कराच्या याद्या आणि चर्चच्या वह्या एकमेकींना लावून या कुळावर १९२८ मध्ये सविस्तर लिहिलं. आज आपण जे सांगतो ते बरंचसं त्या खटपटीच्या जोरावर.

गावच्या मॅनर-कोर्टाचं दप्तर सांगायचं राहिलं. कुंपण मोडलं, जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं, की इथे दंड. २८ ऑक्टोबर १६५९ ला कोल्स्टरवर्थच्या कोर्टात आयझॅक न्यूटन, वय सोळा, हजर. आईनं शाळेतून काढून त्याला शेतीला जुंपलं होतं. मेंढ्यांनी नुकसान केलं म्हणून ३ शिलिंग ४ पेन्स दंड. डुकरं पिकात गेली म्हणून १ शिलिंग. कुंपण नादुरुस्त म्हणून आणखी १ शिलिंग. पोराचं लक्ष कुठे असायचं ते सांगायला नको. मामा केंब्रिजला शिकलेला पाद्री. त्यानं आणि शाळामास्तरांनी आईला समजावलं आणि हे पोर १६६१ मध्ये ट्रिनिटी कॉलेजात गेलं. या घरात विद्या आली ती आईच्या माहेरून, आणि तरी वंशावळीत ठळक दिसतात ते सगळे न्यूटनच. आईला बापाच्या रेषेला लावलेली फांदी समजण्याची खोड या वंशावळींनाही आहे.

शेवटचा कागद वारसाचा. न्यूटननं लग्न केलं नाही, मृत्युपत्रही केलं नाही. रोकड आणि रोखे मिळून ३२,००० पौंडांच्या आसपास होते. ते वाटून मिळाले आठ भाचेपुतण्यांना, म्हणजे आईच्या दुसऱ्या लग्नाच्या मुलांच्या मुलांना. पण जमीन? तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात सावत्र भावंडांकडे, आई एकच असली तरी, वडिलोपार्जित जमीन जायची नाही. म्हणजे ज्यांना न्यूटन आयुष्यभर सांभाळत आला त्यांना वूल्सथॉर्पची एक काडीही नाही. ती गेली काकाच्या वंशातल्या एका जॉन न्यूटनकडे. तिथल्या पाद्रीबाबांचं त्याच्याबद्दल फार बरं मत नव्हतं. दारू आणि जुगार यांत त्यानं पाच-सहा वर्षांत सगळं उडवलं, आणि शेत टर्नर नावाच्या घराण्याकडे गेलं. त्यांच्याकडे ते दोनशे वर्षं राहिलं. १९४३ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. रॉबर्टनं वतन घेतलं १६२३ ला, ते घराण्याच्या हातून गेलं १७३३ च्या सुमाराला. एकशे दहा वर्षं.