विळा, बोट आणि दगडी पाला

[दृश्य : जव्हारजवळचा माळ, गवतकापणी]

दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याच्या माळांवर गवतकापणी सुरू होते. विळा दिवसभर चालतो आणि कधी ना कधी बोटावर बसतोच. मग कापणारी बाई पायाशीच उगवलेला पाला तोडते. खरबरीत, दातेरी पानं. उंच दांड्यावर एकच बारीक फूल, मध्ये पिवळं, कडेनं पांढुरकं. हा दगडी पाला. कुणी एकदांडीही म्हणतं.

[जवळून : तळहात]

पानं तळहातावर घेऊन अंगठ्यानं रगडायची. आधी नुसता चोथा होतो, मग हिरवा रस सुटतो. तो थेंब थेंब जखमेवर पिळायचा. चांगलंच चुरचुरतं. रक्त थांबलं की चोथा तिथेच दाबून वर चिंधी बांधायची, की पुन्हा कामाला.

वारली, ठाकर, कातकरी, सगळ्यांच्या ओळखीचा हा पाला मूळचा मात्र इथला नाही. अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून आलेलं हे तण. रानमोडी नावाचं तणही तिकडचंच, आणि त्याचाही पाला जखमेला लावतात. म्हणजे परकं तण बांधावर उगवलं, कुणीतरी ते चोळून पाहिलं, गुण आला, शेजारणीला सांगितलं. याला मी संशोधनच म्हणेन. पुढे प्रयोगशाळेत उंदरांवरही या रसाचा गुण तपासला गेला. पहिली पारख रानातच झाली होती.

अर्थात पाला किरकोळ कापल्या-खरचटल्यासाठी. घाव खोल असेल, गंजकं लोखंड लागलं असेल, तर दवाखानाच गाठायचा. धनुर्वाताची सुई चुकवायची नाही.

[दृश्य : हळदीचं शेत]

१९९५ साली अमेरिकेत हळदीनं जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरनं, म्हणजे आपल्या देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. हा उपयोग इथे जुनाच आहे, याचा पुरावा म्हणून जुने ग्रंथ, छापील लेख हाताशी होते. पाड्यावरच्या बाईच्या माहितीला असा कागद कुठून आणायचा?

२००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे आता गावोगाव ‘लोक जैवविविधता नोंदवही’, म्हणजे तिथली झाडं-प्राणी आणि त्यांविषयीची लोकांची माहिती टिपणारी वही, करायची असते. तिच्यात नुसती झाडांची नावं लिहून भागणार नाही. पान कोवळं की जून, रस किती, कुठल्या जखमेला लावायचा नाही, हेही उतरवा. आणि सांगणारीची हरकत नसेल, तर तिचं नावसुद्धा.