डक्टमधली चार पिल्लं

(काळोख. फक्त आवाज: लांब, खरखरीत, मध्येच तुटणारा.)

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी कुकरची शिटी अडकलीये आणि वाफ सुटतेय. पुण्यातली जुनी सोसायटी, चौथा मजला, बाथरूममागचं डक्ट. फोन रात्री साडेदहाला आला होता. "ताई, आमच्या डक्टमध्ये भूत आहे असं आई म्हणते. मी टॉर्च मारून बघितलं. पक्षी आहे, पण तोंड माणसासारखं आहे हो."

माणसासारखं तोंड म्हटल्यावर प्रश्नच मिटला. गव्हाणी घुबड.

(टॉर्चच्या उजेडात चार पांढरे चेहरे.)

पत्त्यांतल्या बदामासारखा हा चेहरा आवाज गोळा करतो. आत एक कान किंचित वर, दुसरा किंचित खाली. त्यामुळे उंदीर कुठे खुडबुडतोय ते मिट्ट काळोखातही घुबडाला नेमकं कळतं. पंखांच्या कडेला मऊ दातेरी झालर असते, म्हणून ते आलेलं उंदराला कळत नाही.

घुबडांसाठी काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत मी सहा वर्षं आहे. आधी रविवारची स्वयंसेवक होते, आता पगारी. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर घुबडं हातात घेऊन बसतो. हातात घुबड क्वचितच येतं. आमचं काम म्हणजे जिने चढणं, फोन उचलणं, नोंदवही भरणं आणि बोलणं. खूप बोलणं.

त्या सोसायटीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. निम्म्या लोकांचं म्हणणं एकच: "घेऊन जा ना तुम्ही. तुमचंच काम आहे ते." नाही. पिल्लांचे आईबाप रात्री येऊन त्यांना भरवतायत, तोवर पिल्लं हलवायची नाहीत, हे आमचं काम आहे. दर रात्री ते जितके उंदीर आणतात तितके मी कुठून आणू? आणि शिकार कशी करायची ते कोण शिकवणार त्यांना?

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "माझी आजी सांगायची, घुबडाला दगड मारू नये. ते तोच दगड उचलून नदीवर नेतं आणि घासत बसतं. दगड झिजतो तसा मारणारा झिजतो."

ही गोष्ट मी महाराष्ट्रात कितीतरी गावांत ऐकलीये. ती मी घाईनं खोडायला जात नाही. भीतीपोटी का होईना, काही हात दगड उचलता उचलता थांबले असतील. पण नुसत्या भीतीवर भागत नाही. घाबरलेला माणूस दगड मारत नाही, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतो.

म्हणून मी डक्टच्या तळाशी पडलेल्या गोळ्या गोळा करून आणल्या होत्या.

(वर्तमानपत्रावर अंगठ्याएवढ्या काळपट गोळ्या. जवळून.)

घुबड उंदीर अख्खा गिळतं. हाडं आणि केस पचत नाहीत. त्यांची अशी गोळी करून ते तोंडावाटे बाहेर टाकतं. कोमट पाण्यात भिजवली आणि सुईनं हळूच सोडवली की आतून सगळा हिशेब बाहेर येतो. काकूंचा नातू पुढे सरकला. पहिल्या गोळीत दोन उंदरांच्या कवट्या, नारिंगी दातांसकट. दुसरीत आणखी एक उंदीर आणि चिचुंद्रीची निमुळती कवटी. त्यानं बरगड्या वेगळ्या केल्या, जबडे एका ओळीत मांडले. पार्किंगमधले गृहस्थ वाकून बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "अहो, म्हणजे गाड्यांच्या वायरी कुरतडणारे हेच की!"

ठरलं. पिल्लं उडेपर्यंत डक्टला हात लावायचा नाही. उंदरांच्या औषधाच्या वड्याही बंद. रक्त गोठू न देणारं विष खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबडाला सहज सापडतो, आणि मग तेच विष घुबडाच्या पोटात जातं.

सगळ्याच गोष्टी अशा पार पडत नाहीत. माझ्या पहिल्या वर्षी एका घरातून फोन आला होता, पिल्लू खाली पडलंय म्हणून. दिवसभर वणवण करून थकले होते. म्हटलं, सकाळी येते. त्या घरानं रात्रभर जागून, प्रेमानं, चमच्यानं दूध-पोळी भरवली. घुबडाला दूध पचत नाही, आणि चोचीत ओतलेलं श्वासनलिकेत जातं. मी पोचले तेव्हा बुटांच्या खोक्यात, घडी घातलेल्या टॉवेलवर, ते थंड पडलं होतं. फोनवर चार वाक्यं सांगायला हवी होती मला: खोक्याला भोकं पाडा, काळोखात ठेवा, खायला-प्यायला काही देऊ नका, वनविभागाच्या 1926 वर कळवा. आता फोन उचलला की हीच चार वाक्यं आधी येतात. त्या दिवशी नोंदवहीत 'मृत' लिहिलं आणि पुढे कारणही लिहिलं. माझ्या उशिरासकट.

नोंदीबद्दल मी इतकी हट्टी का, त्याला एक कारण आहे. रानपिंगळा. आपल्या सातपुड्यातला छोटा पिंगळा, चक्क दिवसाउजेडी वावरणारा. 1884 मध्ये खानदेशात त्याचा नमुना मिळाला, आणि पुढे 113 वर्षं तो कुणाला सापडला नाही. मायनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं चोरलेल्या जुन्या नमुन्यावर खोटी चिठ्ठी लावली होती: 1914, मांडवी, गुजरात. त्या चिठ्ठीवर विसंबलेले लोक भलतीकडेच शोधत राहिले. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघड केली, जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघाल्या, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना आणि सोबत्यांना रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. कॉलेजात ही हकिकत वाचली आणि मी या कामाकडे वळले. पुढे तो ठाण्याजवळच्या तानसाच्या जंगलातही आढळला. शंभर वर्षं नाहीसा मानलेला पक्षी, मुंबईच्या उंबऱ्यावर!

दिवाळीआधीचे दिवस आम्हाला जड जातात. लक्ष्मीचं वाहन म्हणून चित्रात पुजायचं, आणि अमावस्येला कुणा मांत्रिकाच्या नादानं त्याचाच बळी द्यायचा. घुबड पकडणं, विकणं, मारणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, तरी चोरटा बाजार चालतो. त्या आठवड्यात आम्ही शाळांमधून फिरतो. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीला 2018 मध्ये इला फाउंडेशननं घुबडांचा महोत्सव भरवला. मुलांनी घुबडाची चित्रं काढायची, घुबडाचे मुखवटे घालून नाचायचं. ज्या पोरानं घुबडाचा मुखवटा घातलाय, त्याला घुबड अभद्र कसं वाटेल?

(पुन्हा सोसायटीची गच्ची. सांज.)

घुबडाची अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं येतात आणि पहिल्या अंड्यापासूनच मादी उबवायला बसते. म्हणून पिल्लं लहानमोठी असतात. थोरलं उडालं तरी धाकटं डक्टमध्येच होतं. रोज अंधार पडला की काकू गच्चीवर खुर्ची टाकून बसायच्या आणि मला मेसेज करायच्या. "एक गेलं." "दुसरं पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलंय." "तिसरं पडलं होतं, पण चढलं परत."

धाकट्याच्या दिवशी मी तिथे होते. ते कठड्यावर आलं. मान खाली-वर, डावी-उजवीकडे झुलवत अंतर मोजत राहिलं. मग पंख उघडले. आमच्या डोक्यावरून, दोन हातांवरून गेलं, आणि काहीही ऐकू आलं नाही. वाऱ्याचाही आवाज नाही.

मी नोंदवही काढली. काकूंनी पदरानं डोळे टिपले आणि नातवाला हाक मारली. "जा रे, खाली सेक्रेटरींना सांग. डक्ट धुवून काढा, पण बंद करू नका म्हणावं. ती परत येतील."