आडनावाआधी गाव: स्कॉटलंडमधील पूर्वजांचा शोध

मित्रहो, स्कॉटलंडमध्ये आपल्या घराण्याची मुळे शोधायला कॅनडाहून किंवा न्यूझीलंडहून येणारा माणूस बहुधा आडनाव हाताशी धरून निघतो आणि तिथेच अडतो. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे व दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याची तिथे प्रथा होती, त्यामुळे एकाच पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील मुलखात), एकाच पिढीत चार-पाच डोनाल्ड रॉस सहज निघतात. मरे फर्थ या आखाताच्या किनाऱ्यावरील बकीसारख्या कोळ्यांच्या गावात तर काउई आणि स्मिथ इतके होते, की ओळख पटावी म्हणून घराघराला टोपणनाव असे. (मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ याच किनाऱ्यावरच्या बॅन्फचा.) म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की आडनावाआधी गाव शोधावे.

गावापर्यंत नेणारा सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे मृत्यूचा दाखला. 1 जानेवारी 1855 पासून स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी सक्तीची झाली आणि मृत्यूच्या नोंदीत मृताच्या आईवडिलांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासह, लिहिली जाऊ लागली. 1855 नंतर ऐंशीव्या वर्षी वारलेल्या आजीबाईंचा दाखला हाती आला, तर तो एका झेपेत अठराव्या शतकात पोहोचवतो. मात्र तो घरच्यांच्या सांगण्यावरून लिहिलेला असतो, तेव्हा पडताळून घ्यावा. 1855 च्या मागे जायचे, तर पॅरिशच्या चर्चमधील बाप्तिस्मा वगैरे नोंदींच्या जुन्या वह्या आहेत. पर्थशरमधील एरलची वही 1553 पासूनची असली, तरी हायलँड्समधील, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातील, पुष्कळ वह्या फार उशिरा सुरू होतात.

वहीतून कुटुंब नाहीसे झाले, की ते परदेशी गेले असे मानण्याची घाई होते. पण 1843 मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड फुटले, साडेचारशेच्या वर धर्मोपदेशक बाहेर पडले आणि हायलँड्समधील बहुतेक प्रजा त्यांच्यामागे नव्या फ्री चर्चमध्ये गेली. अनेकदा घर जागच्या जागी असते, बाप्तिस्म्याची नोंद तेवढी दुसऱ्या वहीत गेलेली असते.

कधी मात्र गावच उठलेले असते. 1845 च्या मे महिन्यात ग्लेनकॅल्व्हीच्या खोऱ्यातून अठरा कुटुंबांना मेंढपाळीसाठी हुसकावले गेले. त्यांनी क्रॉइकच्या चर्चच्या आवारात, थडग्यांच्या मधोमध, आडोसा करून दिवस काढले आणि खिडकीच्या चौकोनी काचांवर बाहेरून अक्षरे कोरली. ती आजही वाचता येतात. घरची भाषा गेलिक असूनही मजकूर इंग्रजीत आहे आणि त्यात ‘ग्लेनकॅल्व्हीची माणसे, दुष्ट पिढी’ असे शब्द आहेत. आपल्यावरचे संकट आपल्याच पापाचे फळ असे त्यांना वाटले असावे, असा त्याचा अर्थ लावला जातो. मला तो मजकूर वाचताना फार यातना होतात. ज्याचे पूर्वज या खोऱ्यातले आहेत, त्याला कोणत्याही दाखल्यात न मिळणारी गोष्ट या काचांवर मिळते.

गाव कळल्यावर सर जॉन सिंक्लेअर यांनी 1791 ते 1799 या काळात धर्मोपदेशकांकडून लिहवून घेतलेले पॅरिशवार वृत्तान्त वाचावेत. पिके, मजुरी, शाळा, रोगराई, लोक कुठे कामाला जातात, हे सारे त्यांत आहे; पण लिहिणारा अनेकदा जमीनदाराच्या मर्जीतला असे, हे ध्यानात ठेवावे. मग सर्वेक्षण खात्याचा सहा इंची (मैलाला सहा इंच या प्रमाणाचा) जुना नकाशा उघडावा. त्यावर छप्पर उडालेली घरे नुसत्या बाह्यरेषांनी दाखवलेली असतात, आणि अशा चौकटींचा पुंजका दिसला, की बहुधा तिथेच आपली वाडी होती.

तिथे जाण्यापूर्वी इन्व्हरेरीजवळील ऑखिन्ड्रायन अवश्य पाहावे. कुळांनी सामाईक कसलेली ही वस्ती 1960 च्या दशकापर्यंत नांदती होती आणि आता संग्रहालय म्हणून जपली आहे. माणसे आणि गुरे एकाच लांब घरात कशी राहत, धान्याचे कोठार कुठे असे, हे तिथे उभ्या भिंतींत दिसते. ते एकदा डोळ्यांखालून गेले, की आपल्या वाडीवर नेच्याच्या रानात दडलेल्या दगडांच्या ओळींपैकी चूल कुठली आणि गोठा कुठला, हे ओळखता येते.