पहिला पाऊस आणि गाडीतला वास

(दृश्य: लातूर, बार्शी रोड. गाड्यांच्या एसीचं गॅरेज. बाहेर पावसाची भुरभुर, रांगेत चार गाड्या.)

मृगाचा पाऊस झाला की पेरणीची घाई उडते, आणि इथं मिस्त्रींची. गाडी कोणतीही असो, तक्रार एकच.

"मिस्त्री, एसी लावला की वास येऊलालाय."

कुबट, ओलसर वास. गंमत म्हणजे मे महिन्यात पारा ४२ च्या वर होता, एसी दिवसभर चालत होता, तेव्हा या वासाचा पत्ता नव्हता. मग पाऊस पडल्यावरच का?

(दृश्य: डॅशबोर्ड खोललेली गाडी. आतली कूलिंग कॉइल, पत्र्यांच्या फटीत काळा थर.)

ही कूलिंग कॉइल. एसी चालू असताना ही शून्य अंशाच्या थोडीच वर असते. केबिनमधली हवा तिच्यावरून जाते, थंड होते आणि हवेतली वाफ कॉइलवर पाणी होऊन साचते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसं. आपल्याकडची मे महिन्यातली हवा कोरडी, त्यामुळे पाणी थोडंच. पण धूळ भरपूर. काळ्या मातीची बारीक भुकटी, त्याआधी ऑक्टोबरात मळणी यंत्रातून उडालेलं सोयाबीनचं भुसकट, सगळं या फटींत चिकटून बसलेलं असतं. जूनमध्ये त्याला पाणी मिळतं. अंधार, ओल आणि खायला कचरा. बुरशीला आणखी काय पाहिजे?

औशाहून आलेल्या गुरुजींना वाटतं, गॅस कमी झाला असेल. भरून द्या.

"गुरुजी, गॅस बंद नळीतून फिरतो. तो आत येतच नाही, तर वास कुठून आणील?"

गुरुजींच्या डॅशबोर्डवर अत्तराची बाटली आहे. मोगरा. कुबट वासात मोगरा मिसळला की जे तयार होतं, त्यापेक्षा नुसता कुबट वास परवडला.

(दृश्य: मिस्त्री गाडीखाली वाकून पाहतात.)

मिस्त्री आधी गाडीच्या खाली पाहतात. एसी दहा मिनिटं चालला, तर पावसाळ्यात खाली पाणी ठिबकायलाच हवं. ठिबकत नसेल, तर निचऱ्याची रबरी नळी तुंबली. कधी चिखलाने, कधी कुंभारीण माशी तिच्या तोंडाशी मातीचं घर बांधते. मग पाणी कॉइलच्या पेटीत तुंबून राहतं, आणि वर आलं की डाव्या बाजूच्या पायपुसण्याखाली झिरपतं. गुरुजींची चटई ओलीच निघाली. ज्या लातूर शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या शहरात गाडीत साठलेल्या पाण्याची तक्रार ऐकायला मिळते, हेही नवलच.

नळी मोकळी केली. घाण पाणी भळाभळा खाली आलं.

मग डाव्या कप्प्यामागचा केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी. बहुतेक गाड्यांत तो तिथं असतो. जुन्या आणि स्वस्त मॉडेलांत मात्र नसतोही. गुरुजींचा फिल्टर मूळचा पांढरा होता, हे मिस्त्रींच्या शब्दावर मानायचं. शिवारात, कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर मळणी संपली की एकदा आणि पावसाच्या आधी एकदा पाहावा. झटकून पुन्हा बसवायचा मोह होतो. बुरशी लागलेला असेल तर बदलायचाच.

(दृश्य: फिल्टरच्या जागेतून बारीक नळी आत, पांढरा फेस.)

कॉइल धुवायला फेसाचा डबा मिळतो. ब्लोअर, म्हणजे हवा आत फेकणारा पंखा, बंद ठेवून फेस आत सोडायचा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबायचं, मग काचा उघड्या ठेवून ब्लोअर चालवायचा. मळ निचऱ्याच्या नळीतून बाहेर पडतो. फिनेल किंवा घरातलं जंतुनाशक जाळीतून फवारणारे लोकही येतात. ते पुढे आपणच नाकातून आत घेतो, एवढं लक्षात असलं तरी पुरे.

प्रत्येक वास बुरशीचा नसतो. एसी बंद, नुसता पंखा लावला तरी सडका वास येत असेल, तर उंदीर. रब्बीची काढणी झाली की शेतातले उंदीर उभ्या गाडीत शिरतात, फिल्टर कुरतडून ब्लोअरमध्ये घर करतात, आणि कधी तिथंच मरतात. वायपरखालच्या जाळीत कडुनिंबाचा पाला सडत असतो, तोही साफ करायचा. गोडसर वास आला आणि पुढच्या काचेवर आतून चिकट धुकं धरलं, तर हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळतंय. पेट्रोलचा किंवा वायर जळल्याचा वास आला तर मिस्त्रीकडे चालवत न्यायचं नाही. गाडी बाजूला, इंजिन बंद, सगळे खाली.

(दृश्य: गुरुजींची गाडी बाहेर निघते.)

निघताना मिस्त्री गुरुजींना एकच पथ्य सांगतात.

"औसा जवळ आलं की एसीचं बटण बंद करा. पंखा चालूच ठेवा, काच थोडी खाली. कॉइल वाळली पाहिजे बघा."

"अन् उन्हाळ्यात? जीव जातोय की हो!"

"उन्हाळ्यात राहू द्या. तेव्हा हवाच कोरडी. जून ते सप्टेंबर तेवढं पाळा."