शेवटची ३३ सेकंदे : ग्रेट लेक्सच्या खलाशांचा १९४३चा हंगाम

शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठावर अमेरिकन नौदलाचा ग्रेट लेक्स हा प्रशिक्षण तळ आहे. समुद्र इथून शेकडो मैल दूर, तरीही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे दहा लाख तरुणांनी खलाशाचा गणवेश पहिल्यांदा अंगावर चढवला तो इथेच. केस कापून घ्यायचे, दोरांच्या गाठी आणि कवायत शिकायची आणि काही आठवड्यांत हुकूम हाती पडला की निघायचे, असा इथला क्रम होता. याच तळाचा ‘ब्लूजॅकेट्स’ नावाचा फुटबॉल संघ १९४३ साली देशातल्या नामवंत विद्यापीठांना टक्कर देत होता.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. यात लांबट चेंडू हातात घेऊन पळतात किंवा पुढे फेकतात. तो प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपलीकडे नेला की टचडाउनचे सहा गुण मिळतात आणि मग किक मारून आणखी एक गुण मिळवता येतो. हा जादाचा एक गुण आपण लक्षात ठेवावा.

युद्धामुळे अनेक महाविद्यालयांनी आपले संघ मोडले होते. लष्कराने महाविद्यालयांत धाडलेल्या प्रशिक्षणार्थींना तिथल्या संघांतून खेळण्यास मनाई केली, तर नौदलाने हा खेळ म्हणजे लढणाऱ्या माणसाची तालीमच आहे असे मानून परवानगी दिली. कोणता खेळाडू कोणत्या संघात असेल, हे आता बदलीचे हुकूम ठरवू लागले.

ग्रेट लेक्सचे प्रशिक्षक टोनी हिंकल हे मूळचे बटलर विद्यापीठाचे आणि बास्केटबॉलसाठी अधिक प्रसिद्ध. त्यांच्या संघात शिकागो कार्डिनल्सकडून व्यावसायिक फुटबॉल खेळलेला स्टीव्ह लाक होता, तसाच कोवळा एमिल सिटकोही होता. हंगामात संघ दोनदा हरला, नॉर्थवेस्टर्न आणि पर्ड्यू या विद्यापीठांकडून. पर्ड्यूच्या त्या अपराजित संघाचा हुकमी खेळाडू टोनी बटकोविच हा खरे तर इलिनॉय विद्यापीठाचा. मरीन दलाच्या प्रशिक्षणासाठी तो पर्ड्यूत आला, हंगाम संपण्याआधीच त्याला बोलावणे आले आणि एप्रिल १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत तो मारला गेला. या हंगामाच्या गुणतक्त्यांत असे किती आयुष्यांचे धागे अडकले आहेत, हे विसरून ते वाचता येत नाहीत.

२७ नोव्हेंबर १९४३ रोजी नोटर डेम विद्यापीठाचा संघ तळावरच्या मैदानात उतरला. नऊ सामने, नऊ विजय आणि देशात पहिला क्रमांक, अशी त्याची कामगिरी होती. त्याचा नामांकित खेळाडू अँजेलो बर्टेली सहा सामन्यांनंतर मरीन दलात गेला होता आणि त्याच्या जागी १८ वर्षांचा जॉनी लुजॅक खेळत होता.

मध्यंतराला नोटर डेम ७-० ने पुढे होता. त्यानंतर खलाशांनी दोन टचडाउन करून आघाडी घेतली, पण जादाच्या गुणांत ते कमी पडले. नोटर डेमने चिवटपणे, थोडे थोडे अंतर कापत चेंडू मैदानभर पुढे नेला. जेमतेम मिनिटभर उरले असताना क्रेटन मिलरने टचडाउन केला, किकही साधली आणि नोटर डेम पुन्हा पुढे गेला. जादाच्या गुणांतली ती कमतरता खलाशांना आता जड जात होती.

उरलेल्या वेळात लांब फेकीवाचून गत्यंतर नव्हते. ३३ सेकंद शिल्लक असताना लाकने फेकलेला चेंडू पॉल अँडरसनने झेलला आणि ४६ यार्डांचा टचडाउन पुरा झाला. ग्रेट लेक्स १९, नोटर डेम १४! आपल्याच तळावर, आपल्याच गणवेशातल्या हजारो सोबत्यांसमोर हा विजय मिळाला.

असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या अंतिम क्रमवारीत नोटर डेमचा पहिला क्रमांक तरीही कायम राहिला, आणि तो रास्तच होता. हंगामभर त्याने तोलामोलाच्या संघांना हरवले होते. ग्रेट लेक्सला सहावे स्थान मिळाले. बर्टेलीला त्याच वर्षी महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा हाइझमन करंडक मिळाला, तेव्हा तो दक्षिण कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंडच्या तळावर मरीन सैनिकाचे प्रशिक्षण घेत होता.

पुढच्या वर्षी ग्रेट लेक्सची सूत्रे पॉल ब्राउन यांच्याकडे आली. १९४३ मध्ये याच खलाशांनी ज्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाला हरवले, त्याचे प्रशिक्षक ब्राउनच होते. १ डिसेंबर १९४५ रोजी त्यांच्या संघाने नोटर डेमला पुन्हा हरवले, ३९-७ असे. त्या संघात मॅरियन मॉटली हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. तोवर युद्ध संपले होते आणि खलाशी घरी परतू लागले होते.