पायाखालचं लिस्बन

(पहाट. रोसिऊ चौक, ओला आणि रिकामा.)

जमीन सपाट आहे. तरी पाऊल जपून पडतं, कारण डोळ्यांना ती हलताना दिसते. काळी लाट, पांढरी लाट, पुन्हा काळी. एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या इंग्रजांनी याला 'डोलणारा चौक' असं नाव पाडलं होतं. पोर्तुगीज या नक्षीला म्हणतात 'मार लार्गू', मोकळा समुद्र.

लिस्बनला येणारा पाहुणा वर बघत फिरतो. टेकडीवरचा किल्ला, भिंतींवरच्या निळ्या टाइल्स, चढावर कण्हणारी पिवळी ट्राम. हे सगळं बघण्यासारखंच आहे. पण या शहरात असंख्य हात ज्या कामाला लागले, ते काम पायाखाली आहे. आमचा कॅमेरा म्हणून खालीच राहिला.

(बाइशा भागातली गल्ली. बुटक्या स्टुलावर बसलेला कारागीर. हातांचं जवळून दृश्य.)

या फरसबंदीला म्हणतात काल्सादा. ती घालणारा तो काल्सेतैरू.

दगड चुनखडीचा. पांढरा आणि काळा. आधी जमीन खोदून, दाबून घट्ट करायची. वर वाळू किंवा दगडाची भुकटी पसरायची. नक्षी असेल तर तिचा साचा मांडायचा. मग एक एक दगड. तळहातावर घ्यायचा, फिरवून त्याची बाजू ओळखायची, आणि हातोडीचा नेमका घाव.

(फक्त आवाज. टक्, टक्, टक्.)

पाच सेंटिमीटरच्या आसपासचा तुकडा. तो शेजारच्या दगडाला इतका लागून बसायला हवा की मधे बारीक फट तेवढी उरेल. जास्त उरली तर दगड हलतो, आणि एक हलला की शेजारचे सुटू लागतात. फट अजिबात नसूनही चालत नाही, कारण पावसाचं पाणी तिथूनच जमिनीत मुरतं. हे माप कुठल्या पट्टीवर नसतं. बोटांना कळावं लागतं.

आता त्याच्या हातातली हातोडी बघा. पोर्तुगीजमध्ये तिचं नाव मार्तेलू. आपल्याकडच्या सुतारांचा मारतूल तो हाच. पलीकडे पाण्याचं भांडं आहे, त्याला इथे बाल्द म्हणतात. आपली बालदी. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, त्यानंतरची साडेचारशे वर्षं सत्तेची आणि लढायांची म्हणून आपण शिकतो. कामाच्या माणसांची हत्यारंही त्याच जहाजांतून आली, नावांसकट.

(किल्ल्याची टेकडी. तटावरून खाली दिसणारं शहर.)

नक्षीदार काल्सादाची लिस्बनमधली सुरुवात इथे झाली, साओ जॉर्जच्या किल्ल्यात. साल 1842. किल्ल्याचे लष्करी गव्हर्नर होते एउसेबियू पिन्येइरू फुर्तादू. त्यांनी तुरुंगातल्या कैद्यांकडून नागमोडी पट्ट्यांची फरसबंदी घालून घेतली. पायांत साखळदंड असलेली माणसं दगड बसवत होती आणि शहरातले लोक ते काम बघायला टेकडी चढून येत होते.

काम इतकं आवडलं की याच गव्हर्नरांवर रोसिऊ चौक सोपवला गेला. 1848 आणि 49. क्षेत्रफळ 8,712 चौरस मीटर, काम 323 दिवसांचं. बसवणारे पुन्हा कैदीच. गव्हर्नरांचं नाव प्रत्येक माहितीपत्रकात सापडतं. कैद्यांपैकी एकाचंही आम्हाला कुठे वाचायला मिळालं नाही.

(बाइशाचे सरळ रस्ते, उंचावरून.)

हे रस्ते असे ताठ का, तेही सांगायला हवं. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांच्या सणाची सकाळ. लोक चर्चमध्ये होते. भूकंप झाला, मग टॅगस नदीतून समुद्र आत आला, मग कित्येक दिवस आग. नदीकाठचा हा सखल भाग बहुतेक नष्ट झाला. पोंबालचे मार्क्विस म्हणून पुढे ओळखले गेलेले मंत्री कामाला लागले आणि इथे काटकोनांत नवं शहर आखलं गेलं. घरांच्या भिंतींत लाकडाचे पिंजरे बसवले, धक्का आला तर लवावेत म्हणून. जुन्या शहराच्या बोळांत जी जागा नव्हती, ती या रुंद रस्त्यांवर मिळाली. पुढे शंभरेक वर्षांनी नक्षी तिथे पसरली. इथून ब्राझीलला गेली, मकावला गेली. रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावरची प्रसिद्ध लाट मूळची लिस्बनची.

(पुन्हा कारागीर. पाठ, गुडघे.)

हे काम शिकायला फार कुणी येईना, तेव्हा 1986 मध्ये लिस्बनच्या महापालिकेने काल्सेतैरूंसाठी शाळा काढली. दिवसभर वाकून बसायचं, उन्हात, रस्त्याच्या धुळीत. मजुरीच्या मानाने कष्ट फार. गुळगुळीत झालेल्या दगडांवर म्हातारी माणसं घसरतात, ही तक्रारही खरी आहे, आणि काही ठिकाणी आता दुसरी फरशी येते आहे. खडबडीत दगड मिसळून बसवता येतात. सगळं उखडून काँक्रीट ओतायची गरज नाही.

(आल्फामा, शहराची जुनी वस्ती. अरुंद बोळ, वाळत घातलेले कपडे, दारांवर भाड्याच्या खोल्यांच्या चाव्यांचे कुलूपबंद डबे.)

आल्फामात पर्यटक वाढले, भाडी वाढली, पुष्कळ जुनी बिऱ्हाडं शहराबाहेर गेली.

(बोळाचं वळण. फरसबंदी भिंतीवर चढते.)

इथे मात्र थांबा. रस्त्याचे दगड लाटेसारखे उसळून भिंतीवर गेले आहेत, आणि त्यांतून एक चेहरा उमटला आहे. अमालिया रॉद्रिगिश. 1920 मध्ये याच शहरात जन्मलेली, फादू या पोर्तुगीज गानप्रकाराची गायिका. 2015 मध्ये व्हिल्स या नावाने काम करणाऱ्या चित्रकाराने हा चेहरा रेखला, आणि दगड बसवले महापालिकेच्या काल्सेतैरूंनी. तोच काळा, तोच पांढरा, तीच हातोडी. एरवी चालायच्या वाटेवर बसणारे दगड इथे डोळ्यांच्या पापण्या झाले आहेत.

पाऊस पडला की पाणी या गालांवरून उतरतं आणि रस्त्याच्या फटींत मुरतं.

(पाऊस. निवेदन नाही.)